सकाळचं मत, दुपारचं मत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले गिरणीवाले दादा, व्यासपीठावरचे शिक्षणाधिकारी साहेब, शिक्षकवर्ग, मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, आणि आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या मुख्याध्यापिका बाई,

बाईंच्या शिकवण्याबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी डॉक्टरांची बायको. दवाखान्याच्या खिडकीतून मला शाळेचं फाटक दिसतं, म्हणून मी फाटकाबद्दल बोलते.

मुलांनो, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आपल्या गावचं मतदान याच शाळेत व्हायचं आणि त्याच्या वेळा वाटलेल्या होत्या. वरच्या आळीचा एक पक्ष, तो सकाळी. खालच्या आळीचा दुसरा, तो दुपारी. फाटकाशी भांडणं नकोत म्हणून कुणीतरी शहाण्या माणसाने ही सोय केली असणार. मी लग्न होऊन आले तेव्हा नवल वाटलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर उंचीप्रमाणे रांग लावायच्या, इथे पक्षाप्रमाणे!

सोय चांगली होती, फक्त मतदान निम्म्यावर आलं होतं. का? मतदानाच्या दिवशी आमच्या दवाखान्यात पाठदुखीच्या बायका फार यायच्या. वरच्या आळीतल्या शिंपीणबाई दर निवडणुकीला. एकदा बाई तिथे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मतदानालाच बरी दुखते हो तुमची पाठ?"

शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "मनातून दुपारच्यांना द्यायचंय. दुपारी गेले तर घरात महाभारत."

"मग सकाळी जाऊन द्या. आत कोण बघतंय?"

"अहो बाई, सकाळच्या रांगेत उभं राहून दुपारच्यांना द्यायचं? ते खोटं बोलणं झालं!"

आता या प्रामाणिकपणाला काय म्हणावं?

पुढच्या निवडणुकीला बाई सकाळी फाटकाशी हजर. आणि बाई कोण? दुपारच्या पक्षाचे इथले पुढारी गिरणीवाले दादा, त्यांची सख्खी धाकटी बहीण! दादा, तुमची परवानगी न घेता सांगते आहे, रागवा हवं तर.

शिंपीदादा रांगेतून ओरडले, "बाई, घड्याळ बंद पडलं का? दुपार व्हायचीय अजून!"

"घड्याळ चांगलं आहे माझं. तुम्ही पुढे सरका."

आता वेळेवरून मत ओळखता येईना, आणि त्या दुपारी शिंपीणबाई नवी साडी नेसून फाटकातून आत गेल्या. मी खिडकीतून विचारलं, "पाठ?" तर म्हणाल्या, "आज बरी आहे."

संध्याकाळी दादांनी बहिणीला विचारलं, "मत कोणाला दिलंस?"

"सांगायचं असतं तर हात वर करून दिलं असतं, दादा."

"मग माझ्याशी बोलू नकोस."

त्यानंतर दोन निवडणुका झाल्या. मतदान वाढत गेलं. ते बाईंमुळे की नव्या रस्त्यामुळे, मला सांगता येणार नाही. भाऊ-बहिणीचं बोलणं मात्र बंदच. बाईंचं दळण तेवढं घरपोच जात राहिलं, बारीक, त्यांना हवं तसं. माझा अंदाज आहे की बाईंनी मत भावाच्याच पक्षाला दिलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. पण मग बाकीच्यांनाही घरोघर सांगावं लागलं असतं, नाही का?

उद्या बाई मुलीकडे राहायला जाणार. काल मी त्यांच्याकडे कपबश्या कागदात गुंडाळत होते. दादा दारात येऊन उभे राहिले. मग त्यांनीच आधी बहिणीला विचारलं,

"तिकडच्या मतदारयादीत नाव घातलंस?"

"नाही. इथलंच ठेवलंय."

"म्हणजे मतदानाला येशील."

"येईन की."

"स्टँडवर घ्यायला येतो. किती वाजता येशील?"

"ते नाही सांगणार."

"अगं, मग मी यायचं कधी?"

"सकाळपासून उभा राहा."

दादा म्हणाले, "बरं." आणि खाली बसून त्यांनी एक बशी कागदात गुंडाळायला घेतली.

मला बोलायला उभं केल्याबद्दल शाळेचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. घरातली गोष्ट चारचौघांत आणली. यात काही कमीजास्त झालं असेल तर बाई आणि दादा, दोघांनीही मला पदरात घ्यावं.