खिंडीखालचा झरा

— नाही नाही, बूट झालेत, उजव्याचा तळ तेवढा सुकतोय, दहा मिनिटं बसा. हात नका लावू, निघेल परत. आणि तो कागद — वाचला नाही हो, नजर गेली. पायवाटांच्या विकीवरचं पान ना? मग मी ओळखणारच. तिथे जो तो आपल्या वाटेबद्दल लिहितो, कुणीही दुरुस्त करतं, आणि साफसफाई आम्हा चौघांकडे. हो, मीसुद्धा. दिवसभर लोकांच्या चपला शिवायच्या आणि संध्याकाळी त्यांच्या जुन्या नोंदी उडवायच्या. नियम सरळ आहे — दोन वर्षं कुणी तपासलं नाही की पानावर पिवळी पट्टी, मग महिनाभर थांबायचं, कुणी हूं की चूं केलं नाही की पान गेलं. पडलेला पूल, आटलेली विहीर, सगळं काढते. एक जण अगदी रडकुंडीला आला होता, वडिलांनी लिहिलंय म्हणाला. म्हटलं, असेल वडिलांचं, पण वाट बुजलीय. तिथे दयामाया दाखवून चालत नाही, लोक त्या भरवशावर निघतात.

तुमच्या पानावर पट्टी नाही, बरोबर आहे. खिंडीखालचा झरा, बारमाही, पाणी वाहून न्यायची गरज नाही — पाठच आहे मला. तपासल्याची तारीख याच महिन्यातली. कुणी तपासलं? मी. म्हणजे — तपासलं म्हणजे काय, एक बटण असतं. हे गुडघे बघताय ना, बसस्टॉपपर्यंत जाताना माझ्या नाकीनऊ येतात, मी कुठली खिंड चढणार? पान माझ्या धाकट्या भावाचं आहे. गेला तो, सहा वर्षं झाली. साध्या तापानं गेला, डोंगरात नाही. शेवटची ओळ बघा — 'ताईसाठी बाटली भरून घेतली, तिला हे पाणी आवडतं.' आता यावर मी पट्टी लावू? दरवर्षी बटण दाबते. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एकानं खाली लिहिलं होतं, झरा कोरडा पडलाय म्हणून. काढलं मी ते. नियमानंच काढलं — फोटो जोडला नव्हता त्यानं. मागायचा असतो, मागितला नाही. खरं सांगू? देईल म्हणून भीती वाटली.

तर ऐका, भरपूर पाणी घ्या. माणशी चार बाटल्या तरी — काय? बाकीचे म्हणजे? तुमचा तळ सुटला म्हणून तुम्ही मागे राहिलात, आणि बायको नि मुलगी सकाळीच पुढे गेल्या? बाटल्या किती आहेत त्यांच्याकडे? एकेक.

असे बघू नका माझ्याकडे. फोन लावा. लागत नाही? पुन्हा लावा. बूट घाला, ओला असू दे तळ, घाला आणि निघा. माझे पाण्याचे दोन कॅन आहेत, ते घ्या. पायथ्याला चौकी आहे, त्यांचा माणूस वर जाऊ शकेल, नंबर तुमच्या कागदावर खाली — थांबा. तो नका लावू. तोही माझ्या भावानंच लिहिलाय.