बाकड्यावरचं नाव

अवं नाय, उठू नका, बसा. तुम्ही वाडीभर विचारत आलात ती संजीवनी उतेकर मीच. घर वर हाय, पण तिथं सासूबाई हायत, बँकेचं माणूस वसुलीला आलंय म्हटलं की त्यांचा जीव घाबरा होईल — इथं देवळातच बोलू. जरा सरका, पाठीमागं वाचा. 'सौ. संजीवनी उतेकर यांजकडून सप्रेम भेट.' माझ्याच नावाला टेकून माझा पत्ता विचारत होता की वो! वर पंख्याच्या पात्यावर पण हाय नाव, पण पंखा फिरला की वाचता येत नाय, लाईट गेली की झकास दिसतं. आमच्याकडं लाईट रोज जाते, म्हणून माझी कीर्ती मोठी.

क्रेडिट कार्ड? नाय हो, माझ्याकडं रेशनचं तेवढं हाय. — आधार माझं? व्हय, ते यांनी नेलं गणपतीत मुंबईहून आले तेव्हा. बोलले, तुझ्या नावानं बचत खातं काढतो. नवरा बचत काढतो बोलल्यावर कोण बायको नको बोलेल? — नंबर? तो मीच सांगायची ना! वाडीत रेंज नाय, तो वरचा कातळ दिसतो ना, तिथं मिळते. शेरडं घेऊन रोज सांजचं चढायची. यांचा फोन यायचा — आधी जेवलीस का, मग आई कशी हाय, मग 'आत्ता मेसेज आला तो नंबर वाच.' मी वाचायची मोठ्यानं, वाऱ्यात ऐकू जात नाय म्हणून. कुणाला सांगू नका असं लिहिलेलं असतं त्यात? असेल बाबा, इंग्रजीत असेल. अख्ख्या वाडीनं ऐकलाय. माझी जाऊ मंजुळा बोलायची, काय गो, लग्नाला एवढी वर्षं झाली नि अजून रोज फोन? मी लाजायची. खरंच लाजायची.

नि मग शिमग्याला भोंग्यावर नाव पुकारलं माझं — यांनी माझ्या नावानं बाकडी नि पंखा दिला म्हणून. मानाचा नारळ हातात. एरवी मुंबईत ऱ्हाणाऱ्या बायकांचीच नावं असतात, वाडीत ऱ्हाणाऱ्या बाईचं पहिल्यांदा. मंजुळेचं तोंड बघायला पायजे होतं तुम्ही! — काय? बाकड्यांचे पैसे थोडेच? बाकी टीव्ही, मोबाईल, चेन? आमच्या घरी टीव्ही कुठाय? — अस्सं. कार्डावरची उधारीची हद्द संपली नि फोन थांबला, असं झालं म्हणायचं. मी समजले यांचा मोबाईल बिघडला. अजून जाते कातळावर. शेरडं उतरून येतात, मी आपली वरच उभी.

लेखी द्यायचं? माझ्या नकळत केलं म्हणून? नि मग पोलीस यांना धरतील, नि वाडी काय बोलेल — नारळ घेताना माहीत होतं, आता फेडायची वेळ आली तर माहीत नाय! नको हो. शेरडं विकीन, हळूहळू फेडीन. नवरा हाय तो. अडचणीत असेल, लाज वाटत असेल म्हणून फोन करत नसेल. तुम्हाला भेटले का वो? बरे हायत ना? — तुमचा फोन उचलतात? मग काय बोलले?

काय?

परत सांगा. 'बायकोनं परस्पर काढलं, मला काय ठाऊक नाय, गावाला जाऊन तिलाच धरा' — असं? ह्याच शब्दांत? नि पत्ता पण त्यांनीच दिला?



बरं. पाणी नको मला. तुमची मोटारसायकल खाली हाय ना? पोलादपूरला पोलीस ठाण्यात सोडा मला. सासूबाईंना मागनं सांगीन. नि काय लिहायचं ते आत्ताच लिहून घ्या, तिथं गेल्यावर माझी जीभ अडेल. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नायत, मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. लिहा — दीपक महादू उतेकर. ऐकू आलं नाय? दीपक. असं बघत काय बसलात, चला, गाडी काढा.