केराबाईच्या खटल्याचा युक्तिवाद

(सोलापूर, १९७६. कायद्याच्या कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा नुकतीच संपली आहे. प्राध्यापकांच्या खोलीत बिराजदार सर आणि त्यांच्या संघातले दोघे : वकिलाच्या काळ्या कोटातला मानसिंग, आरोपी केराबाईच्या भूमिकेसाठी जुनेरं नेसलेली विजयमाला.)

सर : पिंजऱ्यातला आरोपी मध्येच ओरडतो का कधी? सांग ना! चार कॉलेजं समोर बसली होती!

विजयमाला : वरडले. 'खोटं हाय' म्हनले. मग, खोटं नव्हतं व्हय?

सर : आवाज खाली! न्यायाधीशांनी मानसिंगला साधा प्रश्न विचारला होता...

विजयमाला : 'लेखी युक्तिवाद कुणी तयार केला?' आनी ह्यो छाती काढून म्हनला, 'मी!' पंधरा दिस लायब्ररीत बसून मी लिवला त्यो!

सर : आणि तू ओरडलीस म्हणून आपला संघ बाद झाला. यजमान कॉलेज, आणि बाद! हा कागद घे. माफीनामा लिही. नाहीतर तुझी टर्म अडवतो. परीक्षेला बसणं विसर.

मानसिंग : लिहून टाक ना, विजयमाला. दोन ओळींचं तर काम.

विजयमाला : तू गप. न्हाईतर सांग, केराबाईवर आरोप काय हुता?

मानसिंग : शेतात खुरपताना भांडण झालं, तिनं दिराच्या खांद्यावर खुरप्यानं वार केला.

विजयमाला : ती सुटावी म्हनून आपन मुद्दा कुटला धरला?

मानसिंग : जखमेचा. जखम वरून खाली होती.

विजयमाला : मग?

मानसिंग : मग... पाठ केलं होतं गं. आत्ता आठवत नाही.

विजयमाला : खुरपनारी बाई खाली बसल्याली असती. हुब्या मानसाच्या खांद्यावर तिचा वार वरनं कसा यील? माझी आई जलमभर खुरपती आमच्या गावात, कुंभारीच्या रानात. तिला बसवून, हात कसा चालतो ते बघून लिवलंय मी. तुमच्या एका बी पुस्तकात न्हाय ते.

सर : मुद्दा चांगला होता. मी तेव्हाच म्हणालो होतो.

विजयमाला : म्हनला की. आनी कोट ह्याला दिला. मला काय? आईचं जुनेरं आन आनी आरोपी हो!

सर : आरोपी खेड्यातली बाई होती. तुझी बोली तिला शोभत होती. 'हाय-न्हाय' करून युक्तिवाद होत नसतो.

विजयमाला : म्हंजी पिंजऱ्यात हुबं ऱ्हायला माझी बोली चालती. पिंजऱ्याच्या भाईर चालत न्हाय.

सर : उलट बोलू नकोस!

विजयमाला : मी ते बी ऐकलं की. जुनेरं नेसले. ह्येच्याकडनं समदं भाषान मीच घोकून घेतलं. पर माझं नाव घ्यायला ह्येची जीभ झडली हुती व्हय?

मानसिंग : सर, सांगू का तिला?

सर : मानसिंग, तू बाहेर जा.

मानसिंग : नाही सर. मला नाही सोसत आता. विजयमाला, जो बोलतो त्यानंच लिहिलेलं असावं, असा स्पर्धेचा नियम आहे. 'विचारलं तर मीच लिहिलं म्हण,' असं सरांनी सांगितलं होतं मला. सकाळी, जिन्यात.

विजयमाला : सर?

सर : ...कॉलेजची अब्रू होती माझ्या हातात.

विजयमाला : नियम असा हुता, तर मलाच बोलू द्यायचं हुतं की!

सर : बरं, झालं ते झालं. माफीनामा राहू दे. टर्म देतो मी तुझी. घरी जा. आणि दोघांनीही कुठं बोलायचं नाही.

विजयमाला : टर्म मला माझ्या हजेरीवर मिळनार. तुमी दिली म्हनून न्हाय. मानसिंग, ते न्यायाधीश सायेब गेले का?

मानसिंग : खाली आहेत. प्राचार्यांच्या खोलीत चहा चाललाय.

सर : विजयमाला! तिथं जायचं नाही! माझी नोकरी जाईल, कळतंय का?

विजयमाला : माझी परीक्षा जानार हुती, तवा तुमाला कळत हुतं का?

मानसिंग : थांब, मी पण येतो. काय सांगू मी त्यांना?

विजयमाला : तू निस्ता हुबा ऱ्हा. बोलनार मी.