रविवारी सुट्टीवर गेलेल्या चाळीस इमारती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे माजी संचालक, पालिकेकडून आवर्जून आलेले पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या बाई, त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेले त्यांचे यजमान, आणि माझ्या सर्व सहकारी बंधूभगिनींनो,

आयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. एरवी सात मिनिटं मला खूप झाली असती, पण आज सकाळपासून मला इतका आनंद झालाय की कुठून सुरू करू तेच कळत नाही. संचालक साहेब, मध्येच मी भरकटलो तर खुशाल घंटी वाजवा.

आमच्या विभागात नेमकं काय चालतं, हे बाईंच्या यजमानांनाही छत्तीस वर्षांत कळलेलं नाही, असं त्यांनीच मघाशी चहाच्या वेळी मला सांगितलं. म्हणून थोडक्यात सांगतो. शहर कुठे संपतं? पालिका म्हणते, आमचा फलक आहे तिथे. पण घरांना फलक वाचता येतो का? घरं फलक ओलांडून पुढे बांधली जातात, माणसं तिथे राहतात, रोज कामाला शहरात येतात, आणि कागदावर मात्र ती रानात राहतात. आम्ही हद्दीच्या रेघा बाजूला ठेवतो आणि उपग्रहाच्या फोटोंवरून देशभरातली शहरं प्रत्यक्षात कुठवर पसरलीत ते मोजून यादी करतो. शहराची रुग्णवाहिका, बस कुठवर जायची, हे त्या यादीवरून ठरतं. नियम साधा आहे. दोन इमारतींमध्ये दोनशे मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर वस्ती सलग, जास्त असेल तर वेगळी. संगणक इमारतींवर लाल खूण करतो, आणि ती बरोबर आहे की नाही हे माझ्यासारखा तपासनीस ठरवतो.

बाई मात्र फोटोवर कधी भागवत नाहीत. लांब दांड्याचं, मीटरमीटरला टिक् वाजणारं मोजणीचं चाक घेऊन त्या स्वतः जायच्या. म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना चाकवाल्या बाई म्हणतो. बाई, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? त्या मान हलवतायत, म्हणजे ठाऊक होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. तीन वर्षांपूर्वी एका शहराच्या टोकाची एक वस्ती माझ्याकडे तपासायला आली. फलकाजवळचं शेवटचं घर आणि त्या वस्तीतलं पहिलं घर, यांच्या मध्ये संगणकाने चाळीस इमारती दाखवल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, चौकोनी, एका रांगेत. मी 'मान्य' करून टाकलं. वस्ती शहरात आली.

चार दिवसांनी बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर त्याच जागेचे दोन फोटो होते, एक बुधवारचा आणि एक रविवारचा. रविवारच्या फोटोत मोकळं मैदान. बाई शांतपणे म्हणाल्या, "चाळीस इमारती रविवारी सुट्टीवर जातात का रे?"

त्यांनी कपाटाआडून चाक काढलं आणि आम्ही गाडीत बसलो.

फलकाजवळच्या शेवटच्या घरापासून बाईंनी चाक चालवायला सुरुवात केली. मध्ये एका मोठ्या लाँड्रीचं वाळवणाचं मैदान आहे; लाँड्री स्वतः वस्तीच्या पलीकडे. दोन रुग्णालयांच्या चादरी तिथे धुतल्या जातात आणि दहा वाजेपर्यंत मैदानभर वाळत घातल्या जातात. उपग्रह जातो अकराला. बाई चादरींच्या रांगांमधून टिक् टिक् करत चालल्या होत्या, आणि एका चादरीआडून आवाज आला, "अरे, तू इथे कसा? आणि आज ऑफिस नाही का?"

ती माझी थोरली बहीण. बारा वर्षं त्याच लाँड्रीत कामाला आहे आणि त्याच वस्तीत राहते.

बाईंनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चाक पुढे गेलं आणि पहिल्या घरापाशी थांबलं. दोनशे अडुसष्ट मीटर.

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या चादरी आहेत हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं, तरी मी मान्य केलं. कारण शहराची रुग्णवाहिका फलकापर्यंतच यायची. भावोजींना दम्याचा झटका आला की ताई त्यांना लाँड्रीच्या कपड्यांच्या ढकलगाडीवर बसवून फलकापर्यंत न्यायची. दोनदा नेलं होतं. तिसऱ्यांदा काय होईल, या भीतीने मला घास गोड लागत नव्हता.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चादरी काढ. आज तुझ्या बहिणीसाठी चादरींची घरं झाली. उद्या कुणाच्या तरी सोयीसाठी खऱ्या घरांच्या चादरी होतील."

मला त्यांचा मनस्वी राग आला. आज हे व्यासपीठावरून सांगायला लाज वाटते, पण आला.

ताईने चहा आणला. मैदानाच्या कडेला दाट झाडी आहे, तिच्या सावलीत आम्ही बसलो. पहिलाच घोट घेतला आणि बाईंनी कान टवकारले. झाडीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तिथे कोण राहतं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, बॉयलरवाल्यांच्या खोल्या आहेत की, पक्क्या, नऊ बिऱ्हाडं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू या खोल्या कधी पाहिल्या नव्हत्यास?"

पाहिल्या होत्या. अहो, त्यातल्या तीन खोल्यांत मी जेवलोय. पण पडद्यावर तिथे फक्त झाडांचे शेंडे दिसतात, आणि पडद्यासमोर बसलो की मला पडद्यावरचंच दिसायचं. खोटी घरं खपवायला मी इतकी हुशारी खर्च केली आणि खरी नऊ घरं माझ्या ध्यानातही आली नाहीत.

चहा तसाच ठेवून बाई उठल्या. फलकाजवळच्या घरापासून पहिल्या खोलीपर्यंत एकशे एकवीस मीटर. शेवटच्या खोलीपासून वस्तीपर्यंत एकशे दहा. बाईंनी दोन्ही अंतरं पुन्हा मोजली, आणि मग छत्तीस वर्षं नियमाने वागलेल्या या बाई त्या मैदानात चाक डोक्यावर धरून चक्क हसायला लागल्या. वस्ती शहरात होती. माझं उत्तर बरोबर होतं आणि कारण साफ खोटं होतं.

पुढे बाईंनी देशभरचे रविवारचे फोटो मागवले आणि सगळी दाट झाडी पायी तपासून घेतली. यादीला सहा महिने उशीर झाला, माजी संचालकांना तो आठवत असेल. पण खोट्या छपरांवर जोडलेल्या एकोणीस वस्त्या गळल्या आणि झाडांखाली लपलेल्या एकसष्ट सापडल्या. दोन महिन्यांपूर्वी भावोजींना पुन्हा झटका आला, तेव्हा रुग्णवाहिका घराच्या दारात आली. आणि याच सोमवारपासून शहराची बस फलक ओलांडून लाँड्रीपर्यंत जायला लागली आहे. आज त्या बसमध्ये बसून आलेली माझी ताई तिसऱ्या रांगेत बसली आहे, शेजारी भावोजी आहेत. बाई, तुम्हाला भेटायचं म्हणून तिने आज रजा घेतली आहे.

एक शेवटचं. विभागाच्या दुरुस्त्यांच्या वहीत त्या दिवशीची नोंद बाईंच्या अक्षरात आहे: "चाळीस इमारती रद्द. चादरी होत्या." चूक कोणी केली, तो रकाना त्यांनी मोकळा सोडला. नव्या मुलांना तो आजही कोडं वाटतो. संचालक साहेब, आपल्यालाही आजच कळतंय. वही मी सोबत आणली आहे आणि तो रकाना आज सकाळी मी भरला आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी सातऐवजी बहुधा पंधरा मिनिटं सोसलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही जास्त-कमी बोललो असेन, तर मोठ्या मनाने क्षमा करा. आणि बाई, तुम्हाला काही चुकलेलं आढळलं तर जाण्याआधी वहीत लिहून ठेवा. नावासकट लिहा.