पुतळ्याचा दगड

मंडळी, ऐका! आज त्र्यंबकरावांची पुण्यतिथी, म्हणून आधी एक प्रश्न. मोठा माणूस गेला, की त्याला ठेवायचं कुठं? मनात? अहो, मनात शेजाऱ्याची भांडणं ठेवायलाच जागा पुरत नाही!

तर इंग्रजांचं राज्य. आपल्या गावचे त्र्यंबकराव कौन्सिलात निवडून गेले. गोऱ्या लाटसाहेबाशी भांडून त्यांनी शाळा आणली, दवाखाना आणला. गाव म्हणालं, "रावसाहेब, तुमचा पुतळा उभारायचा!" रावसाहेब वरवर "छे छे" म्हणाले — आतून मात्र हरखले. खोटं कशाला सांगू?

काळा दगड आला. नदीकाठी पाथरवट सटवाजी छिन्नी घेऊन बसला, समोर रावसाहेब — ठेवणीतली पगडी, मान ताठ! नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. लाटसाहेब परवडला हो, ही माशी नको! चार दिवसांत नाक तेवढं उतरलं.

तोच खाली, नदीकडच्या निसरड्या उतारावर, धपकन आवाज! पाणी भरायला आलेली गावची धोंडाबाई हंड्यासकट चिखलात. रावसाहेब धावले — आणि दुसरा धपकन! पगडी निघाली नदीतून वाहत. धोंडाबाईनंच हात देऊन त्यांना उठवलं.

"बाई, तुम्ही रोज अशा पडता?"

"रोज न्हाई, पावसाळ्यात. मागल्या साली सून पडली. पोटुशी व्हती. पोर ऱ्हायलं न्हाई."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा हितं आलायसा, रावसाहेब?"

खरंच होतं! लाटसाहेबाच्या दारापर्यंत गेलेला माणूस या उतारावर कधी आला नव्हता. घरी पाणी गडी भरायचा! त्यांना फार लागलं ते, मंडळी. डोळे भरून आले.

"सटवाजी, या दगडाच्या पायऱ्या पाड."

"पर रावसाहेब, नाक झालंया की!"

"नाक खाली करून बसव."

मंडळी, मघाशी नदीवर पाय धुवून देवळात आलात ना? सगळ्यात खालच्या पायरीवर पाय ठेवलात, ती तीच, नाक खाली असलेली.

आणि आता तुम्ही कमिटी नेमलीत — त्यांच्या पुतळ्यासाठी! संगमरवर ठरलाय म्हणे. माझी ना नाही. पण पलीकडच्या वस्तीला अजून उतारच आहे. काल पाहून आलो. बाया हंडे घेऊन बसत बसत उतरतात.

उद्याची बैठक तिथं घ्या. चपला काढा, एकेक हंडा भरून वर आणा. मग सांगा मला — संगमरवर कुठं लावायचा!