हाऊसफुल्ल कार्यक्रम

बँकेत कर्जाच्या रांगेत दोघे भाऊ उभे होते. मागच्या नर्सबाईंना ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही झाकण नसतं.

"दादा, पोराच्या बँडसाठी राहतं घर गहाण ठेवतोस?"

"पहिला कार्यक्रम हाऊसफुल्ल गेला म्हणून त्याने आता मोठं सभागृह ठरवलंय. भाडं आगाऊ भरायचंय."

"हाऊसफुल्ल गेला ना? मग तुला घाम का फुटलाय?"

"अरे, ती सगळी तिकिटं मीच घेतली होती. ऑफिसात, शेजारीपाजारी फुकट वाटली. पोराचं तोंड उतरायला नको म्हणून."

"मग आता तरी सांग त्याला!"

"कोणत्या तोंडाने सांगू? कालच नोकरी सोडून आलाय."

"नव्या सभागृहात खुर्च्या किती?"

"दोन हजार."

"दादा, तेवढी माणसं तुझ्या ओळखीची तरी आहेत का?"

दादा हळूच मागे वळला.

"ताई, तुम्हाला गाणं आवडतं का हो?"