बॅट हातात घेऊन धावणारा

— नाही हो उज्ज्वलराव, तुम्हाला मागवायची कल्पना माझीच, टीमचा मॅनेजर मीच ना! कोलोनच्या क्लबला म्हटलं, आमची दोन तरुण पोरं घ्या, तुमचे दोन मुरलेले गडी द्या. दुसरे कुठायत? गुडघा? आल्झो, म्हणजे दोन देऊन एक मिळाला. वा जगदीश! बायको म्हणतेच, या माणसाला भाजी आणायलासुद्धा पाठवू नये. पण तुम्हीच सांगा, चुकलं काय माझं? अर्धा सीझन संपला, आम्ही तळाला, सहा मॅच उरल्यात. पोरं पुढच्या वर्षी तयार होतील — होतीलच — पण तोवर आपली आखन गावची बेसबॉल टीम खालच्या लीगमध्ये गेली तर? मीटिंगमध्ये अर्धा तास बोललो, चार्ट दाखवले — इंजिनिअर माणूस, चार्टशिवाय घसा मोकळा होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोनं, मालिनीनं, तेवढं घरी विचारलं, "अहो, सीझन कुणाचा वाचवताय, टीमचा की तुमचा?"

कारण तिकडे पाठवलेल्या त्या दोन पोरांतली एक आमची ऊर्जा. हो, मुलगी माझी, एकोणीस वर्षांची. मे महिन्यात कोचनं पहिल्या बेसवरून मला उठवलं आणि तिला उभं केलं. राग आला? छे! — आला हो. स्वतःच्या पोरीचा. सांगायला लाज वाटते. आणि कोलोनला पाठवायच्या यादीत तिचं नाव घातलं ते — खरं सांगू? — वाटलं, येईल, रुसेल, म्हणेल, बाबा, मला नाही जायचं. मग मी मोठ्या मनानं नाव खोडणार. भाषणसुद्धा तयार होतं! तिनं कागद वाचला नि म्हणाली, "गेर्ने." आनंदानं! बस, एवढंच. दोन आठवडे झाले, जेवताना आमच्या घरात एक माणूस बोलत नाही — ती नाही, मी.

बरं, खेळाडू म्हणून मी तरी कोण? क्रिकेटवाला. चार वर्षं झाली बेसबॉल खेळतोय, पण चेंडू लागला की अजून बॅट हातात घेऊनच पळतो — क्रीजमध्ये टेकवायला! सगळं मैदान हसतं. एकटी ऊर्जा बेंचवरून ओरडायची, "बाबा, श्लेगर वेक!" — बॅट टाक म्हणून. एवढ्या मायेनं माझ्याशी जर्मन कुणी बोललेलं नाही, उज्ज्वलराव.

ती बघा — पहिल्या बेसवर, कोलोनच्या लाल शर्टात. तिकडून पहिलीच मॅच, आणि तीही आमच्याविरुद्ध. गेनाऊ, बरोबर ओळखलंत, मला पळत तिच्याकडेच जायचंय. आधी चेंडू लागायला हवा म्हणा.

पुकारलं वाटतं माझं नाव. सरका जरा. आणि हे बघा, आज मी बॅट घेऊनच पळणार आहे. तुम्ही कुणी ओरडायचं नाही. गप्प बसायचं.